नवा राउटर आला आणि प्लग, प्रिंटर, कॅमेरा रुसले: नेमकं काय तपासायचं

प्रश्न असा आहे: घरात नवा राउटर बसवला. मोबाइल आणि लॅपटॉप लगेच जोडले गेले, वेगही चांगला मिळतो. पण स्मार्ट प्लग ‘पासवर्ड चुकीचा आहे’ एवढंच सांगतो. प्रिंटर वायफायला जोडलेला दिसतो, तरी मोबाइलला सापडत नाही. दाराबाहेरचा कॅमेरा दिवसा नीट चालतो आणि रात्री वारंवार तुटतो. जुन्या राउटरवर यातलं काहीच होत नव्हतं, मग हा राउटर परत करून दुसरा घ्यावा का?

राउटर परत करू नका. वर्णनावरून तो धडधाकट आहे. तुमच्या तिन्ही तक्रारी ‘कनेक्ट होत नाही’ या एकाच शब्दात बसतात खऱ्या, पण तिन्हींचं कारण वेगळं आहे आणि उपायही वेगळा. लोकांचा सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथेच. प्रत्येक अडचणीवर राउटर बंद-चालू करणं, उपकरण रीसेट करणं आणि पुन्हा पहिल्यापासून सेटिंग करणं, हे चक्र संध्याकाळभर चालतं आणि उपकरण नेमकं कुठे अडलं ते शेवटपर्यंत कळत नाही.

कुठलंही उपकरण वायफायला जोडलं जाताना चार गोष्टी ओळीने घडतात. आधी त्याला तुमच्या नेटवर्कचं नाव हवेत दिसावं लागतं. मग पासवर्डची देवाणघेवाण होऊन राउटरने त्याला आत घ्यावं लागतं. आत आल्यावर राउटर त्याला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, देतो. आणि त्यानंतर त्याला जिथे पोचायचं आहे तिथे पोचता यावं लागतं, मग ते इंटरनेटवरचा कंपनीचा सर्व्हर असो किंवा शेजारच्या खोलीतला मोबाइल. तुमचा प्लग दुसऱ्या टप्प्यावर अडला आहे, प्रिंटर चौथ्यावर. कॅमेरा चारही टप्पे रोज पार करतो आणि नंतर कोलमडतो.

उपकरण कुठल्या टप्प्यावर आहे हे ओळखायला राउटरचं स्वतःचं पान सगळ्यात विश्वासू. मोबाइलमध्ये जोडलेल्या वायफायचे तपशील उघडले की ‘गेटवे’ किंवा ‘राउटर’ या शब्दासमोर एक पत्ता दिसतो, बहुतेक घरांत १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. तो ब्राउझरमध्ये टाका, लॉगिन करा आणि जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा. उपकरण यादीत नसेल तर ते पहिल्या दोन टप्प्यांत अडलंय. यादीत आहे पण पत्ता नाही, तर तिसऱ्यात. संगणकावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर त्याचाही अर्थ हाच: पत्ता मागितला, कुणी दिला नाही, म्हणून संगणकाने स्वतःच एक लावून घेतला. यादीत नाव आणि पत्ता दोन्ही व्यवस्थित असतील तर वायफायची वाट सोडा, अडचण पुढे आहे.

या यादीत ‘एस्प्रेसिफ’सारखं अनोळखी नाव दिसलं की बरेच जण घाबरतात, आपलं वायफाय कुणीतरी चोरून वापरतंय असं त्यांना वाटतं. एस्प्रेसिफ ही चिप बनवणारी कंपनी आहे. प्लग, बल्ब, पंख्याचे स्विच अशा असंख्य वस्तूंत तिची चिप असते आणि राउटर मॅक पत्त्याच्या (चिपला कारखान्यातच मिळालेल्या क्रमांकाच्या) पहिल्या अर्ध्या भागावरून निर्मात्याचं नाव लावतो. शंका असेल तर बल्बची वीज बंद करा आणि ते नाव यादीतून जातं का पाहा.

आता प्लग. स्वस्त आणि छोट्या उपकरणांत जवळपास नेहमी फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारी चिप असते. त्यात गैर काही नाही. प्लगला ‘चालू हो’ आणि ‘बंद हो’ एवढंच ऐकायचं असतं, त्याला वेग लागत नाही. शिवाय २.४ च्या लहरी भिंतींतून ५ गिगाहर्ट्झपेक्षा बऱ्या पार होतात. नवे राउटर मात्र दोन्ही बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे लहरींचे पट्टे) एकाच नावाखाली दाखवतात आणि कुणाला कुठे बसवायचं ते स्वतः ठरवतात. रोजच्या वापरात प्लगला याचा त्रास होत नाही, त्याला २.४ वरचं नाव दिसतं आणि तो तिथे जातो. गाडी अडते ती पहिल्यांदा जोडताना.

कारण प्लगला ना पडदा आहे ना कळफलक. त्याला पासवर्ड सांगायचा कसा? यासाठी दोन रीती सर्रास वापरतात. पहिल्या रीतीत प्लग स्वतःचं तात्पुरतं वायफाय सुरू करतो, तुमचा मोबाइल त्याला जोडला जातो, अ‍ॅप त्याला घरच्या नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड देतं, मग प्लग आपलं वायफाय बंद करून घरच्या नेटवर्ककडे वळतो. यात घात होतो तो मोबाइलच्या हुशारीमुळे. ‘या वायफायवर इंटरनेट नाही’ हे त्याच्या लक्षात येतं आणि तो गुपचूप मोबाइल डेटावर जातो. अ‍ॅपचा निरोप प्लगऐवजी भलतीकडेच निघतो. म्हणून जोडणी होईपर्यंत मोबाइल डेटा बंद ठेवा, व्हीपीएन (मोबाइलची सगळी वाहतूक बाहेरच्या सर्व्हरकडे नेणारा बोगदा) बंद ठेवा आणि ‘इंटरनेट नसलं तरी जोडलेलं ठेवायचं का’ असं विचारलं तर हो म्हणा. अँड्रॉइडवर आजूबाजूची वायफाय शोधायला अ‍ॅपला बरेचदा लोकेशनची परवानगी लागते, तीही द्या. काम झाल्यावर काढून घेता येते.

दुसरी रीत मला फार आवडते, कारण तिच्यामागची कल्पना सुंदर आहे. मोबाइल घरच्या वायफायवरच राहतो आणि हवेत लागोपाठ पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, पाठवतो. प्लगकडे पासवर्ड नसल्याने त्याला त्या पॅकेटमधला मजकूर उलगडता येत नाही. पण पॅकेटची लांबी मात्र उघड दिसते. अ‍ॅप एकेका अक्षरासाठी ठरावीक लांबीचं पॅकेट पाठवतं आणि प्लग नुसत्या लांब्या मोजून नाव आणि पासवर्ड जुळवतो. फक्त यासाठी प्लगला ती पॅकेट ऐकू यायला हवीत. मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर असेल तर २.४ वर कान लावून बसलेल्या प्लगला बऱ्याचदा काहीच ऐकू येत नाही, आणि अ‍ॅपमधलं गोल चक्र फिरत राहतं. उपाय सोपा आहे: राउटरमध्ये ‘स्मार्ट कनेक्ट’ किंवा तत्सम नावाची सोय थोडा वेळ बंद करा म्हणजे दोन बँड वेगळे दिसतील, मोबाइल २.४ वर न्या, प्लग जोडा, मग हवं तर पुन्हा एकत्र करा.

तुमचा प्लग मात्र फिरत न राहता थेट ‘पासवर्ड चुकीचा’ म्हणतो. पासवर्ड तुम्ही चार वेळा तपासलाच असेल, म्हणून माझा संशय सुरक्षेच्या सेटिंगवर आहे. राउटरने कोणत्याही कारणाने नकार दिला तरी ही छोटी उपकरणं तोच एक संदेश दाखवतात. वायफायच्या कुलपाच्या पद्धतीला डब्ल्यूपीए म्हणतात. त्यातला डब्ल्यूपीए ३ हा प्रकार २०१८ मध्ये आला आणि नवे राउटर ‘डब्ल्यूपीए २/३ मिश्र’ अशा सेटिंगवर येतात. मिश्र सेटिंगमध्ये जुनी उपकरणं चालायला हवीत. पण डब्ल्यूपीए ३ सोबत जोडणी सांभाळणाऱ्या संदेशांनाही संरक्षण देण्याची अट येते आणि जुन्या चिप तिथे अडखळतात. २.४ गिगाहर्ट्झसाठी निव्वळ ‘डब्ल्यूपीए २, एईएस’ निवडा. ५ गिगाहर्ट्झवर मिश्र किंवा डब्ल्यूपीए ३ राहू द्या. याहून मागे मात्र जाऊ नका. एईएसऐवजी टीकेआयपी ही माहिती गुप्त करायची जुनी पद्धत निवडलीत तर सुरक्षा कमी होतेच, शिवाय वेगही ५४ मेगाबिटच्या जुन्या मर्यादेत अडकतो. आणि १९९७ च्या वेप या पद्धतीचं कुलूप २००१ सालीच फोडलं गेलं आहे. एखादं उपकरण फक्त वेपवरच चालत असेल तर ते उपकरण वायफायवरून निवृत्त करा.

नाव आणि पासवर्ड यांच्याकडेही एकदा बघा. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो, पण कॉपी-पेस्ट करताना शेवटी चिकटलेली मोकळी जागाही अक्षर म्हणून मोजली जाते. नेटवर्कच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्रा-वेलांटी वेगळ्या धरून, म्हणजे १० चिन्हांत जागा संपते. मोबाइलला असं नाव छान दिसतं, पण छोट्या उपकरणांची अ‍ॅप त्यावर हमखास चुकतात. मराठी नाव ठेवायची हौस मलाही समजते. तरीही २.४ च्या नेटवर्कला साधी रोमन अक्षरं आणि आकडेच द्या.

इथे एक युक्ती, जी राउटर बदलण्याआधी प्रत्येकाला कुणीतरी सांगायला हवी. नव्या राउटरला जुन्याचंच नाव, जुनाच पासवर्ड आणि तोच सुरक्षेचा प्रकार द्यायचा. लहान-मोठ्या अक्षरांसकट तंतोतंत. उपकरणं राउटर बदलला की नाही हे बघत नाहीत, नाव आणि पासवर्ड जुळला की आपणहून जोडली जातात. जुना पासवर्ड कमकुवत किंवा गावभर झालेला नसेल तर तुम्ही हे आजही करू शकता. ज्या उपकरणांना तुम्ही अजून रीसेट केलेलं नाही, ती काही न करता परत येतील.

सगळं करूनही एखाद्या उपकरणाला नेटवर्कचं नाव दिसतच नसेल तर चॅनेल, म्हणजे बँडमधली राउटर वापरतो ती छोटी पट्टी, पाहा. २.४ वर राउटर ‘ऑटो’ सेटिंगमध्ये कधी १२ किंवा १३ क्रमांकाच्या चॅनेलवर जाऊन बसतो. बऱ्याच देशांत हे चॅनेल चालतात, पण अमेरिकी बाजारासाठी बनवलेली अनेक उपकरणं ११ च्या पुढे बघत नाहीत. १, ६ किंवा ११ यांपैकी एक ठरवून टाका आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. हे तीनच चॅनेल एकमेकांवर न चढता शेजारी बसतात. ४० ची रुंदी कागदावर वेगवान दिसते, दाट वस्तीत ती निव्वळ गोंगाट ओढून घेते.

प्रिंटरची गोष्ट निराळी. तो वायफायला जोडलेला आहे हे तुम्हीच लिहिलंय, तेव्हा त्याचा पासवर्ड पुन्हा टाकून काही मिळणार नाही. प्रिंटरच्या पडद्यावर नेटवर्कच्या माहितीत त्याचा आयपी पत्ता असतो, किंवा माहितीचं पान छापून घेता येतं. तो पत्ता आणि मोबाइलचा पत्ता शेजारी शेजारी लिहा. मोबाइलचा १९२.१६८.१.२४ आणि प्रिंटरचा १९२.१६८.०.१२ असं काही निघालं, म्हणजे तिसरा आकडा वेगळा, तर ते दोघं बहुधा दोन वेगळ्या नेटवर्कवर आहेत. इंटरनेट कंपनीने दिलेल्या डब्यात स्वतःचं वायफाय असतं आणि त्यालाच तुम्ही नवा राउटर जोडता, तेव्हा हे हटकून होतं. प्रिंटर अजून जुन्या डब्याच्या वायफायवर आहे, मोबाइल नव्यावर. दोन्हीकडे इंटरनेट चालतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. डब्याचं वायफाय बंद करा, किंवा नव्या राउटरला ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडवर टाका म्हणजे दोन्हींचं मिळून एकच नेटवर्क होईल.

पहिले तीन आकडे जुळत असतील तर प्रिंटरचा पत्ता मोबाइलच्या ब्राउझरमध्ये टाकून बघा. प्रिंटरचं पान उघडलं तर रस्ता मोकळा आहे, अडलाय तो शोध. मोबाइल प्रिंटर शोधताना नेटवर्कभर हाक घालतो: ‘इथे कुणी प्रिंटर आहे का?’ ही हाक २२४.०.०.२५१ या खास पत्त्यावर जाते आणि घरच्या नेटवर्कच्या हद्दीबाहेर पडत नाही. ती अडवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून प्रत्येक अ‍ॅपला ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी लागते, आणि ती खिडकी आली की लोक घाईत ‘नको’ दाबतात. व्हीपीएन चालू असेल तर हाक बोगद्यात हरवते. पान उघडलंच नाही, तर मोबाइल किंवा प्रिंटर गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर) आहे का ते बघा, कारण तिथे उपकरणांना एकमेकांशी बोलायची मनाई असते. मुख्य नेटवर्कवरही ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ नावाचा पर्याय चुकून चालू असू शकतो, तो बंद हवा.

प्रिंटर सापडला की लगेच राउटरमध्ये त्याचा पत्ता राखून ठेवा. डीएचसीपीच्या, म्हणजे पत्ते वाटण्याच्या, पानावर ‘अ‍ॅड्रेस रिझर्वेशन’ अशी सोय असते. एरवी राउटर ठरावीक मुदतीसाठी पत्ता देतो, पुढच्या वेळी वेगळा मिळू शकतो, आणि संगणक मात्र प्रिंटरला जुन्याच पत्त्यावर शोधत ‘ऑफलाइन’ सांगत बसतो. कधी चालणारा आणि कधी न चालणारा प्रिंटर बरेचदा एवढ्यावरून बरा होतो. पत्ता प्रिंटरमध्ये हाताने भरू नका, राउटरमध्येच राखा, म्हणजे सगळा हिशेब एका जागी राहतो. आणि प्रिंटर जोडायला राउटरवरचं डब्ल्यूपीएस बटण (पासवर्ड न टाकता जोडणी करणारं) वापरत असाल तर ते डब्ल्यूपीए ३ सोबत चालत नाही, हे ध्यानात असू द्या. बटण ठीक आहे, त्याची खिडकी दोन मिनिटांत बंद होते. डब्ल्यूपीएसचा आठ आकडी पिन मात्र राउटरमध्ये कायमचा बंद करा. तो दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे कोट्यवधी नव्हे तर सुमारे ११,००० प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ मध्येच उघड झालं.

टीव्हीबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो: राउटरपर्यंत केबल नेता येत असेल तर टीव्ही वायफायवर ठेवूच नका. टीव्हीवरचं केबलचं पोर्ट बहुतेकदा १०० मेगाबिटचंच असतं, पण ४के चित्राला साधारण २५ पुरतात. फायदा टीव्हीपेक्षा इतरांना जास्त होतो. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, आणि तासन्‌तास बोलणारा सदस्य उठून गेला की बाकीच्यांना पाळी लवकर मिळते.

आता कॅमेरा. आधी त्याचा डीफॉल्ट पासवर्ड बदला, सिग्नलचं नंतर बघू. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते कारखान्यातून आलेले ठरावीक पासवर्ड आजमावूनच. कॅमेऱ्याचं चित्र तुम्ही कंपनीच्या अ‍ॅपमधून बघत असाल तर त्याला गेस्ट नेटवर्कवर ठेवलं तरी चालतं, कारण त्याचं बोलणं इंटरनेटवरून होतं. मी तरी तो तिथेच ठेवेन. जे उपकरण दाराबाहेर टांगलेलं आहे, त्याला घरातल्या संगणकांपर्यंत वाट असायची गरज नाही.

मग सिग्नल. कॅमेऱ्याच्या अ‍ॅपमध्ये किंवा राउटरच्या यादीत तो डेसिबलमध्ये दिसतो, उणे चिन्हासह. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत चित्र निवांत चालतं, उणे ८० च्या आसपास कधीही तुटेल. या मोजपट्टीवर १० ने घसरण म्हणजे सिग्नलची शक्ती एक दशांश, त्यामुळे उणे ६५ आणि उणे ७५ यांत दिसतो त्यापेक्षा फार मोठा फरक आहे. राउटर कपाटातून काढून मोकळ्या जागी उंचावर ठेवला, लोखंडी दार, आरसा किंवा पाण्याची टाकी मधून टळली, तर तेवढ्यानेही १० डेसिबल परत मिळू शकतात. रिपीटर (राउटरचा सिग्नल पुढे पोचवणारा डबा) लावायचाच असेल तर कॅमेऱ्याला खेटून लावू नका. जिथे राउटरचा सिग्नल अजून भक्कम आहे अशा मधल्या जागी लावा. स्वतःला नीट ऐकू येत नसलेला रिपीटर पुढे काय सांगणार?

पण दिवसा चालणारा कॅमेरा रात्रीच तुटत असेल तर माझी पहिली नजर विजेकडे जाते. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तो एकदम जास्त करंट ओढतो. अ‍ॅडॅप्टर हलका असेल किंवा यूएसबीची केबल लांब आणि बारीक असेल तर टोकाला व्होल्टेज पडतं, कॅमेरा बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि अ‍ॅपमध्ये ते ‘नेटवर्क तुटलं’ म्हणून नोंदलं जातं. खात्री करायला एक रात्र इन्फ्रारेड बंद ठेवा. चित्र काळं येईल, येऊ द्या. त्या रात्री जोडणी टिकली तर वायफायला हात लावू नका: कॅमेऱ्यावर लिहिलेल्या अँपिअरइतका किंवा जास्त क्षमतेचा, तेवढ्याच व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर घ्या आणि केबल जाड व शक्य तितकी आखूड ठेवा. त्या रात्रीही तो तुटलाच, तर संध्याकाळनंतर शेजारपाजारची वायफाय जागी होतात तेव्हाचा सिग्नल आणि चॅनेल तपासा, आणि १, ६, ११ पैकी जो त्या वेळी सर्वांत मोकळा असेल तो निवडा.